भुताचीही सही लागेल

इंग्रजी गॉथिक, म्हणजे पडक्या वाड्यांच्या आणि भुताखेतांच्या कादंबऱ्यांत वकिलाचं पत्र हटकून येतं. कधी तोंडही न पाहिलेला काका वारला, आता त्याचा पडका वाडा तुमचा, येऊन ताबा घ्या. पुढची वटवाघळं, कुलूपबंद खोली, मध्यरात्री जिन्यावर वाजणारी पावलं, सगळं मी बिनतक्रार मान्य करतो. विश्वास बसत नाही तो फक्त त्या पत्रावर. अख्खं घर एकट्या माणसाला? आणि बाकीचे गप्प?

तिकडे ते जमायचं, कारण मृत्युपत्र नसेल तर सगळी स्थावर थोरल्या मुलाकडे जायची. 1925 च्या कायद्याने ही रीत मोडली, तोवर धाकट्यांनी सैन्यात नाहीतर चर्चमध्ये पोट भरायचं. एकटा वारस, मोठं घर आणि डावललेले नातेवाईक, एवढं असलं की भूत आपोआप तयार होतं.

कोकणात मात्र भुताला जागाच उरत नाही. आमच्या बाजूची अशी घरं डोळ्यांपुढे आणा. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, माजघर सामाईक. मुंबईच्या भावाने वर्गणी दिली, म्हणून त्याच्या दोन खोल्यांवर निळे पत्रे. पुण्याच्याने दिली नाही, म्हणून त्याच्या वाटणीचा वासा वाळवीने खाल्लेला, कौलं घसरलेली आणि आत पडवीत पेरूचं झाड. देवघराच्या कडीला साखळी, तिला दोन कुलपं. कोणाचाच कोणावर भरवसा नाही, पण गणपतीला दोन्ही किल्ल्या न चुकता हजर! घर पडतं ते शापाने नव्हे. वाटणी होईपर्यंत दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा, हे ठरत नाही म्हणून.

गॉथिक प्रकारातली पहिली मानली जाणारी कादंबरी होरेस वॉलपोलची, 1764 सालची ‘द कॅसल ऑफ ओट्रांटो’. वॉलपोल हौशी माणूस. लंडनजवळ ट्विकनहॅमला त्याने स्वतःसाठी नवा कोरा गॉथिक वाडा सजवला आणि त्यातल्या गॅलरीचं नक्षीदार छत चक्क कागदाच्या लगद्याचं केलं. रत्नागिरीचा एक आषाढ त्या छताने काढला नसता. कादंबरीत किल्ल्याच्या धन्याच्या मुलाच्या लग्नाच्या दिवशी आकाशातून राक्षसी आकाराचं शिरस्त्राण पडतं आणि नवरदेव चिरडला जातो. हे सगळं कशासाठी, तर किल्ला बळकावलेला आहे म्हणून. शेवटी भिंती कोसळतात, मूळ मालकाचं अवाढव्य भूत उभं राहतं आणि खरा वारस कोण ते सर्वांसमक्ष जाहीर करतं.

म्हणजे भुताने वारसनोंदच केली की! असं भूत आम्हाला हवंच आहे. आमच्याकडे आजोबा जाऊन तीस-तीस वर्षं होतात, तरी सातबाऱ्यावर त्यांचंच नाव असतं. पोरांची नावं चढवायची, तर आधी एका आत्याची संमती हवी, मग दुबईतल्या चुलतभावाचं कुलमुखत्यारपत्र. आजोबांनी एकदा, दिवसाउजेडी, तलाठ्याच्या कार्यालयात प्रकट व्हावं. येताना आधारकार्ड आणलं तर फारच बरं.