मीडियम वेव्हची भुतं शॉर्टवेव्हवरून घालवताना

रेडिओवर 3276 आणि 3420 किलोहर्ट्झला बोलणं आणि गाणी एकमेकांत कालवलेली ऐकू यायची. 3564 ला नुसती गाणी. मुंबईत राहणाऱ्याने कागदावर आकडेमोड केली की उलगडा होतो. 1044 आणि 1188 या आकाशवाणीच्या मीडियम वेव्ह फ्रिक्वेन्सी. 1044 ची दुप्पट अधिक 1188 म्हणजे 3276, 1188 ची दुप्पट अधिक 1044 म्हणजे 3420, आणि 1188 ची तिप्पट 3564. यात स्टेशनचा काही दोष नाही. जवळचा जबर सिग्नल रिसीव्हरच्या पहिल्या टप्प्याला झेपत नाही आणि ही पिल्लं, म्हणजे नसलेल्या स्टेशनांची भुतं, रिसीव्हरच्या पोटातच जन्मतात.

खात्री करायला अँटेना आणि रेडिओच्या मध्ये 10 डीबीचा (डेसिबल, सिग्नल किती उतरला याचं माप) अटेन्युएटर, म्हणजे सिग्नल ठरावीक प्रमाणात उतरवणारी रोधांची जोडणी, लावला: मध्ये 68 ओहम, दोन्ही टोकांपासून ग्राउंडला 100-100 ओहम. खरं स्टेशन यामुळे 10 डीबीच उतरतं, तीन आकड्यांच्या बेरजेतून (1044+1044+1188 असं) आलेलं भूत 30 च्या आसपास. भूतही 10 नेच उतरलं असतं, तर ते बाहेरच, एखाद्या गंजलेल्या सांध्यात, तयार होतंय असं समजून फिल्टरचा नाद सोडला असता.

फिल्टर हाय-पास, म्हणजे वरचं शॉर्टवेव्ह जाऊ देणारा आणि खालचं मीडियम वेव्ह अडवणारा, सात भागांचा, 50 ओहमचा. 1200, 680, 680, 1200 पिकोफॅरडचे चार कपॅसिटर एका ओळीत, आणि त्यांच्या तीन सांध्यांपासून ग्राउंडला अनुक्रमे 2.5, 2.25 आणि 2.5 मायक्रोहेन्रीच्या कॉइल. कट-ऑफ, म्हणजे जिथून खाली सिग्नल अडायला लागतो ती हद्द, साधारण 2.2 मेगाहर्ट्झला येतो. हिशोबाने 1188 ला 50 डीबीहून जास्त आणि 1044 ला 60 हून जास्त कपात मिळते.

कॉइलसाठी टी68-2, म्हणजे लाल रंगाचं टोरॉइड, लोखंडी भुकटीची रिंग. त्यावर 21, 20 आणि 21 वेढे, 24 गेजची एनॅमल तार, प्रत्येकी अर्धा मीटर पुरते. तार भोकातून जितक्या वेळा जाते तितके वेढे. बाहेरच्या बाजूने मोजायला गेलं की हमखास एक चुकतो. जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधली पिवळी-पांढरी रिंग फुकट मिळते म्हणून वापरू नये. तो माल वेगळा, इथे नुसता सिग्नल खातो. कपॅसिटर पॉलिस्टायरीन किंवा एनपीओ (तापमानाने जवळजवळ न बदलणारे) सिरॅमिक घ्यावेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत ‘122’ आणि ‘681’ हे कोड (1200 आणि 680) सांगितले की साध्या सिरॅमिक डिस्कही हातात पडतात, आणि त्यांचे पिकोफॅरड तापमानाबरोबर हलतात.

सगळ्यात जास्त वेळ मांडणीने खाल्ला. तिन्ही टोरॉइड एकाच दिशेने, शेजारी-शेजारी लावले तर एका कॉइलमधला सिग्नल दुसरीत उडी मारतो. म्हणून मधलं टोरॉइड काटकोनात उभं केलं, इनपुट आणि आउटपुटचे बीएनसी (केबलचे सॉकेट) पत्र्याच्या डबीच्या विरुद्ध टोकांना लावले, आणि ग्राउंडची सगळी टोकं कापून अगदी आखूड ठेवली. नॅनोव्हीएनएवर (फिल्टर कुठे किती अडवतो ते दाखवणारं छोटं यंत्र) आलेख बघत वेढे जरा पसरवले की कट-ऑफ वर सरकतो, चिकटवले की खाली. मनासारखं झाल्यावर मगच वेढे मेणाने पक्के केले.

डबी लावूनही भुतं पूर्ण गेली नाहीत, तर दोष बहुतेक वेळा फिल्टरचा नसतो. पोर्टेबल रेडिओत टेलिस्कोपिक अँटेना जोडलेलीच राहिली तर सिग्नल डबीला वळसा घालून आत शिरतो. चार्जरच्या वायरीनेही शिरतो, म्हणून तपासणी बॅटरीवरच करावी. लांब तारेची अँटेना असेल तर आधी 9:1 ट्रान्सफॉर्मर (450 ओहमचे 50 करणारा) हवा. 50 ओहमच्या फिल्टरला थेट 450 ओहमची तार जोडली की आलेखाचा आकारच बिघडतो.

एक किंमत मोजावी लागते: 160 मीटरचा हॅम (हौशी रेडिओवाल्यांचा) बँड यात जवळजवळ जातो, 1.85 मेगाहर्ट्झला 16-17 डीबीचा फटका बसतो. तो ऐकणाऱ्यांनी डबीवर बायपास स्विच (फिल्टर वगळून सिग्नल थेट रेडिओला देणारा) बसवावा, आणि स्विचच्या दोन बाजूंमध्ये पत्र्याचा पडदा घालावा. नाहीतर सगळी गळती तिथूनच.