लीड्सला अजून जिंकायचे आहे का?

आमच्या रग्बी लीग क्लबला, लीड्स ऱ्हायनोजला, जिंकायची इच्छा तरी उरली आहे का, असे तुम्ही विचारलेत. सहकारी विचारतात, नातलग विचारतात, आणि बहुतेकांना उत्तर नकोच असते. 2004 ते 2017 या काळात सुपर लीगची (इंग्लंडमधल्या अव्वल साखळीची) आठ विजेतेपदे, 2018 ते 2025 मध्ये एकही नाही, 2023 आणि 2024 ला तर सलग आठवे स्थान, हा हिशेब मला तुमच्याइतकाच पाठ आहे.

तुम्ही विचारलेत म्हणून सप्टेंबर 2025 मधला सेंट हेलेन्सविरुद्धचा बाद फेरीचा सामना सांगतो. आमच्या हेडिंग्ली मैदानावर (ज्याच्या स्टँडला पाठ लावून क्रिकेटचे मैदान आहे, आणि आपल्या लोकांना तेवढेच ठाऊक असते) मी मुलाबरोबर उभा होतो. आम्ही पुढे होतो, ऐंशी मिनिटे संपत आली होती, आणि मी मफलर गुंडाळून खिशात कोंबलाही होता. भोंगा वाजला तरी चेंडू घेऊन धावणारा पाडला जाईपर्यंत किंवा चेंडू मैदानाबाहेर जाईपर्यंत खेळ संपत नाही, हे इतकी वर्षे सामने पाहूनही मी विसरलो. मुलगा विसरला नव्हता. त्याने माझी बाही घट्ट धरली होती. चेंडू हातोहात फिरत राहिला आणि सेंट हेलेन्सच्या शेन राईटने तो रेषेपलीकडे टेकवला. 16-14, आम्ही हरलो. आमच्या बाजूला कोणी शिवीसुद्धा दिली नाही. पायऱ्यांवर एक गृहस्थ बिअरचा रिकामा पेला कुठे ठेवावा हे न सुचल्यासारखे उभे होते.

इच्छा नसलेला संघ असा हरत नाही, असे मी तेव्हापासून सर्वांना ऐकवतो. पण क्लबला भरलेल्या स्टँडपलीकडे काही नको आहे, असे 2023 मध्ये म्हणणाराही मीच होतो, आणि तेव्हा मी चुकलो होतो असे आजही म्हणवत नाही. 2024 च्या मध्यावर ब्रॅड आर्थर प्रशिक्षक म्हणून आले आणि पुढच्याच हंगामात आठव्याचे चौथे झाले, हे मान्य. माझे दुखणे त्याहून जुने आहे. 2011 आणि 2012 मध्ये केविन सिनफील्ड, रॉब बरो या खेळाडूंच्या आमच्या संघाने साखळीत पाचवे येऊनही बाद फेऱ्या जिंकून विजेतेपद पटकावले, 2022 मध्येही पाचव्या स्थानावरूनच अंतिम फेरी गाठली, आणि साखळीत कुठेही असलो तरी शेवटी बघून घेऊ, ही सवय क्लबला जडली. मलाही जडली, मफलर उगाच खिशात गेला नव्हता.

मुलाच्या मते चौथे स्थान ही सुरुवात आहे. मला ते समाधान मानून घेण्याचे आणखी एक निमित्त वाटते. त्याला हे अजून बोललेलो नाही.