थ्रॉटल सोडू नको म्हणे! ट्रॅकवर गाडी चालवायला शिकतानाचा माझा अनुभव

ताम्हिणी घाटात मी आमच्या बाइकवाल्या ग्रुपमधला फास्ट माणूस होतो. म्हणजे मला तसं वाटायचं, आणि चहाच्या टपरीवर बाकीचे पण तसंच म्हणायचे, त्यामुळे ते खरंच असणार असं धरून चाललो होतो. गाडी म्हणजे यामाहाची बाइक, आर 15 व्ही थ्री, 155 सीसी, मागच्या टायरच्या कडेला न घासलेली कोरी पट्टी राहते ना (गाडी जितकी जास्त झुकवाल तितकी ती बारीक) ती माझ्या टायरवर जेमतेम करंगळीएवढी, आणि त्या पट्टीचा फोटो ग्रुपवर टाकायचा मूर्खपणा पण मी केलेला आहे. मग एका मित्राने विचारलं, चेन्नईला ट्रॅक स्कूल आहे दोन दिवसांचं, येतोस का? म्हटलं येतो की, शिकायचं काय त्यात, मजा करून येऊ.

सगळ्यात आधी लेदर सूट घ्यावा लागला. सेकंडहँड मिळाला तरी बूट, ग्लोव्हज, बॅक प्रोटेक्टर धरून आकडा असा झाला की घरी अर्धाच सांगितला. आईने तो सूट हातात धरून वजन बघितलं आणि म्हणाली, "एवढे पैसे पडायच्या कपड्यांना? त्यापेक्षा पडू नकोस ना." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

चार गाड्या एका पिकअपमध्ये बांधल्या आणि निघालो. गंमत बघा, वारज्यातून घराजवळून जो एनएच 48 जातो तोच रोड कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळुरू, वेल्लोर करत थेट श्रीपेरंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅकपाशी नेऊन सोडतो. मधे फक्त साधारण बाराशे किलोमीटर आणि अगणित टोलनाके. ट्रॅक 1990 पासूनचा, एक लॅप म्हणजे एक फेरी सुमारे 3.7 किमी, 12 वळणं, आणि वळणांना नावं नाहीत, सी वन, सी टू असे नंबर. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या तयार करतात तिथे, आम्हाला मदत करणारे एक वयस्कर मेकॅनिक अण्णा होते, ते सांगत होते की त्याआधी रेस शोलावरमला व्हायच्या, विमानांच्या जुन्या धावपट्टीवर. बोलता बोलता त्यांनी माझे आरसे काढले, नंबर प्लेट काढली, हेडलाइटवर टेप मारली, साइड स्टँड वायरने बांधला आणि दोन्ही टायरमधली हवा पण थोडी कमी केली.

पहिल्याच सेशनला माज उतरला. नियम असा की गिअर चौथा, बदलायचा नाही, आणि ब्रेकला हात लावायचा नाही. म्हटलं ही काय पोरांची गंमत. पण ब्रेक नाही म्हटल्यावर वळणात किती स्पीडने घुसायचं हे आधीच ठरवावं लागतं आणि तिथे कळलं की मला त्याचा अंदाजच नाही, घाटात मी जे करायचो ते म्हणजे वेड्यासारखं घुसायचं, घाबरायचं, ब्रेक दाबायचा, आणि वळण संपलं की परत थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) पिळायचं. वळणातून माझा स्पीड बाकीच्यांपेक्षा कमीच होता, स्ट्रेटला, म्हणजे सरळ पट्ट्यात, पिळून मी तो भरून काढायचो आणि त्यालाच फास्ट म्हणायचो. एक मुलगी, तिची पण आर 15 च, मला तीन लॅपमध्ये दोनदा बाहेरून ओव्हरटेक करून गेली. तिचं इंजिन माझ्यासारखं बोंबलत पण नव्हतं.

कोच तमिळ, आमच्याशी इंग्रजी-हिंदी मिक्स बोलायचा. सेशन संपल्यावर त्याने मला काहीच न बोलता फक्त ग्लोव्हज काढायला सांगितले आणि माझे तळवे बघितले. दोन्ही अंगठ्यांच्या बुडाशी लालभडक, उजवीकडे फोड आलेला. म्हणाला, "तू गाडी चालवत नाहीयेस, तू हँडलला लटकलायस." मग त्याने मला स्टँडवरच्या गाडीवर बसवलं, बाहेरच्या बाजूचा गुडघा टाकीच्या खाचेत रुतवायला लावला, पायाचा चवडा फूटपेगवर, पार्श्वभाग अर्धा सीटच्या बाहेर, पोट आवळून धड पुढे, आणि मग म्हणाला आता दोन्ही हात सोड. सोडले आणि टाकीवर नाक आपटलं. मांड्यांत जोरच नव्हता, इतकी वर्षं सगळा भार हातांवर. आणि गाडी तर हँडलनेच वळते, उजवीकडे जायचं तर उजवं हँडल पुढे ढकलायचं, उलटं वाटतं पण तसंच आहे. आता ज्या हँडलला धरून तुम्ही स्वतःला सावरताय तेच ढकलायचं कसं? एक हात ढकलतो, दुसरा घाबरून अडवतो.

पुढच्या सेशनला त्याने काम दिलं की प्रत्येक वळणात झुकलेलं असताना कोपरं कोंबडीच्या पंखांसारखी फडफडवायची. मी लाजून करत नव्हतो तर बाजूला येऊन स्वतः करून दाखवलं, ऐंशीच्या स्पीडला. केलं मग. आणि खरं सांगतो, ज्या क्षणी कोपरं सैल पडली त्या क्षणी पुढचं चाक जे थरथरत होतं ते शांत झालं, गाडी आपोआप लाइनवर. मी हेल्मेटमध्ये एकटाच हसलो.

थ्रॉटलचं मात्र सहजासहजी जमलं नाही. गाडी झुकली की टायर त्याच्या कडेवर चालतो, कडेचा घेर मधल्यापेक्षा लहान, त्यामुळे थ्रॉटल तेवढाच ठेवला तरी स्पीड आपोआप पडतो, म्हणून वळलं की हळूहळू उघडत राहायचं. झपकन बंद केला तर सगळं वजन पुढच्या टायरवर, फोर्क (पुढचं सस्पेन्शन) दबतो, मागचं चाक हलकं होतं आणि गाडी बिचकते. हे सगळं मला पाठ. पण मेन स्ट्रेट संपून सी वन आला की मनगट स्वतःहून मिटायचं. आमच्या गाडीसाठी तिथे थ्रॉटल सोडायची गरजच नाही असं कोच म्हणायचा, आणि तो समोरून जाऊन दाखवायचा पण, तरी माझं मिटायचंच. घाटात हे मनगटच जीव वाचवतं हो, वळणापलीकडे वाळू असते, म्हैस असते, राँग साइडने येणारी एसटी असते. मी त्याला दोष देत नाही.

पहिल्या वेळचा लॅप टाइम 2 मिनिटं 38 सेकंद. घरी आलो तो रोज रात्री स्क्वॉट आणि प्लँक, आणि रविवारी सकाळी एमआयडीसीतल्या मोकळ्या प्लॉटवर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या मांडून आठचा आकडा, तीस-पस्तीसच्या स्पीडला. यात रेसवाल्यांसारखा गुडघा-बिडघा काही जमिनीला टेकत नाही. फक्त नजर शिकायची, एका बाटलीला पोचायच्या आधीच पुढची शोधायची. तिथला वॉचमन काका दोन रविवार बघत होता, तिसऱ्या रविवारी विचारलं, "लायसनची टेस्ट आहे का रे?"

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पडलो. झालं असं की दुपारचं सेशन, एका टाइट वळणात उजवा गुडघा पहिल्यांदा टेकला, खर्रर्र असा आवाज आला, आणि त्या आनंदात पुढच्या लॅपला मी ब्रेक मार्कर (ब्रेक कुठे दाबायचा ती खूण) सोडून पुढच्या गाडीच्या मागेच लागलो. तो वाइड, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या बाजूला, गेला. मी बघितलं त्याच्याकडे, आणि बघितलं म्हणजे गाडी पण तिकडेच निघाली, घाबरून झुकलेल्या गाडीवर पुढचा ब्रेक आवळला. पुढचं चाक एकदम गायबच झालं, खालून कोणी चटई ओढावी तसं. मग मी पाठीवर घसरतोय, आभाळ दिसतंय, बाजूने माझी गाडी ठिणग्या उडवत चाललीय, आणि डोक्यात विचार काय तर आईला अर्धाच आकडा सांगितलाय. मार्शल पिवळा झेंडा हलवत होता. मला काहीच झालं नाही, सूटच्या खांद्याला ओरखडे. गाडीचा फूटपेग, लिव्हर, एका बाजूचं हँडल गेलं, अण्णांनी संध्याकाळपर्यंत साडेसहा हजारात उभी करून दिली, फेअरिंग (बाहेरचं प्लॅस्टिकचं कव्हर) अजून तशीच फाटकी आहे.

कोचने विचारलं कशामुळे पडलास. मी म्हटलं तो समोरचा वाइड गेला म्हणून. "तो तर पडला नाही," एवढंच म्हणाला आणि चहा प्यायला गेला. मला राग आला खूप. रात्री लॉजवर मित्राच्या कॅमेऱ्यातलं फुटेज बघितलं तर आतली अर्धी लाइन पूर्ण मोकळी होती, एक ट्रक गेला असता. माझं हेल्मेटच तिकडे वळलं नव्हतं.

सी वन पार झाला तिसऱ्या वेळी. काही ठरवलं नव्हतं, उलट वैतागून सोडूनच दिलं होतं. फक्त त्या लॅपला स्ट्रेटवर असतानाच नजर वळणाच्या पार पुढे, जिथे बाहेर पडायचंय त्या ट्रॅकच्या कडेच्या लाल-पांढऱ्या कर्बच्या टोकाला गेली आणि तिथेच राहिली, आणि मी वळून सरळ झालो तेव्हा लक्षात आलं की मनगट मिटलंच नाही. पुढच्या लॅपला मुद्दाम करायला गेलो तर परत मिटलं! त्याच्या पुढच्याला परत जमलं. दिवसभरात मोजले, जमलेले अकरा, न जमलेले चौदा. बेस्ट लॅप 2 मिनिटं 24 सेकंद. त्या मुलीचा अजूनही माझ्यापेक्षा सहा सेकंद कमी आहे.

गाड्या पिकअपमध्ये चढवताना अण्णांनी माझ्या सूटच्या गुडघ्यांकडे बोट दाखवलं. उजवा स्लायडर (गुडघ्यावरचा घासायचा तुकडा) एका बाजूने झिजून तिरका झालेला, डावा दुकानातून आणल्यासारखा कोरा. "लेफ्ट?" म्हणाले. डावीकडे अजून धीर होत नाही अण्णा. आता बाटल्या डावीकडून मांडतोय, वॉचमन काकाला वाटतंय मी टेस्टमध्ये नापास झालो.