घोडं कुठं पेंड खातं ते आधी बघा: विंडोज, मॅक की लिनक्स

कॉम्प्युटर घ्यायला दुकानात जाण्याआधी एक कागद घ्या आणि महिनाभरात कॉम्प्युटरवर होणारी सगळी कामं एकाखाली एक लिहून काढा. मग जे काम ब्राउझरमध्ये होतं, त्यावर काट मारा. बँक, ई-मेल, यूट्यूब, रेल्वेचं तिकीट, सातबारा, विद्यापीठाचा परीक्षा अर्ज, ऑनलाइन क्लास, व्हॉट्सॲप वेब. विंडोज, ॲपलचं मॅक आणि फुकट मिळणारं लिनक्स, या तिन्ही ऑपरेटिंग सिस्टिमवर (कॉम्प्युटर चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरवर) ही कामं सारखीच होतात. क्रोम किंवा फायरफॉक्स चालला की झालं. आता खाली उरलेल्या दोन-चार ओळी बघा. घोडं पेंड खातं ते तिथं. कोणता प्लॅटफॉर्म घ्यायचा ते त्या ओळींवरूनच ठरवायचं.

सोलापुरात या ओळींत पहिलं नाव बहुतेक वेळा टॅलीचं निघतं. टॅलीप्राइम हे हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजचं आहे, मॅक किंवा लिनक्ससाठी त्याची वेगळी आवृत्ती नाही. लिनक्सवर वाइनमधून, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम चालवून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, ते चालवता येतं असं सांगणारे भेटतात. उघडेलही एखाद्या वेळी. पण जीएसटी भरायच्या घाईत १९ तारखेला लायसन्स दिसेनासं झालं किंवा बिलाच्या छपाईत रकाने सरकले, तर फोन कुणाला करणार? ज्या दुकानात, पेढीत टॅली रोज उघडतं तिथं विंडोजच घ्यावं.

दुसरी ओळ डिजिटल सहीच्या टोकनची, म्हणजे यूएसबीला लावायच्या पेनड्राइव्हसारख्या वस्तूची. इथं अनेकांचा गैरसमज असतो. एकट्या मालकाच्या फर्मला जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं रिटर्न मोबाइलवर आलेल्या ओटीपीनं भरता येतं, टोकन लागत नाही. म्हणजे या कामापुरतं कोणतंही मशीन चालेल. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आणि एलएलपीला (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीला) मात्र डिजिटल सही सक्तीची आहे. टोकनचा ड्रायव्हर (कॉम्प्युटरला ती वस्तू ओळखता यावी म्हणून टाकायचं सॉफ्टवेअर), सही करून देणारं छोटं सॉफ्टवेअर आणि ब्राउझर या तिघांचं जमलं तरच सही उमटते. विंडोजवर ते कमी त्रासात जमतं, म्हणून कंपनीच्या हिशेबाला विंडोज.

इथंच एक सावधगिरी. हल्ली स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप येतात. हलके असतात, बॅटरीही छान टिकते. पण हा प्रोसेसर एआरएम जातीचा, म्हणजे इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या रचनेचा आहे. इंटेलसाठी लिहिलेले नेहमीचे प्रोग्रॅम त्यावर रूपांतर होऊन चालतात, ड्रायव्हर चालत नाहीत. ड्रायव्हर एआरएमसाठीच बनवलेला लागतो. जुना प्रिंटर, सहीचं टोकन, सॉफ्टवेअरचं डोंगल (ते उघडायला यूएसबीला लावायची किल्ली) यांना असा ड्रायव्हर नसेल तर ती वस्तू लॅपटॉपला लावूनही उपयोग नाही. घरात असं काही असेल तर इंटेल किंवा एएमडीच घ्या.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादरी-टॉवेलच्या कारखानदारांनी हे जास्त जपायला हवं. इलेक्ट्रॉनिक जकार्डचं (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेचं) डिझाइन करणारी सॉफ्टवेअर बहुतेक विंडोजवरची, आणि त्यातली बरीच डोंगल लावल्याशिवाय उघडत नाहीत. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. जुना ३२ बिटचा प्रोग्रॅम त्यावर चालतो, पण डोंगलचा ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही. जुनं मशीन विकून टाकायच्या आधी सॉफ्टवेअरवाल्याकडून ६४ बिटचा ड्रायव्हर घेऊन नव्या मशीनवर एक डिझाइन उघडून बघा. तोवर जुनं मशीन जागचं हलवू नका.

इंजिनिअरिंगच्या मुलांचं थोडक्यात. कॉम्प्युटर शाखेला पायथन, जावा, सी यांसाठी तिन्ही चालतात, आणि लिनक्स शिकलेलं पुढे फार कामाला येतं. मेकॅनिकल-सिव्हिलला सॉलिडवर्क्स, रेव्हिट ही फक्त विंडोजवर आहेत. आयफोनची ॲप बनवायची असतील तर एक्सकोड लागतं आणि ते फक्त मॅकवर मिळतं.

आता मराठी, कारण यावर दुकानात कुणीच बोलत नाही. युनिकोड मराठी, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखी वाचता येणारी प्रमाण पद्धतीची मराठी, तिन्हीवर उत्तम चालते. विंडोजमध्ये सेटिंग्जमधल्या भाषेच्या पानावर मराठी जोडायची, मग विंडोजची कळ आणि स्पेस दाबली की कीबोर्ड बदलतो. मॅकमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमधल्या इनपुट सोर्समध्ये मराठी जोडायची, लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकारात कीबोर्डच्या लेआउटमध्ये. इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा कीबोर्ड तिन्हीकडे सारखाच असल्यानं एकदा बसलेली बोटं कुठंही चालतात. ‘दऱ्या’मधला तो आडवा र अनेकांना जमत नाही म्हणून ‘दर्या’ लिहून मोकळे होतात. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश, एवढ्यात ‘ऱ्य’ उमटतो. आणि आपल्या गावात तर पूर्व भागातल्या घरात तेलुगू, अक्कलकोटकडच्या घरात कन्नड लागते. इन्स्क्रिप्टमध्ये या भाषांतही क, त, प, र त्याच कळांवर आहेत, म्हणून एका लिपीत शिकलेला माणूस दुसरीही टाइप करू शकतो.

अडतं ते जुन्या फॉन्टांपाशी. कृतिदेव आणि श्री-लिपीसारख्या फॉन्टांमध्ये पडद्यावर मराठी दिसते, पण फाइलीत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात. कृतिदेवमध्ये ‘सोलापूर’ लिहिलंत तर फाइलीत असतं एल, के, एस, वाय, के, आय, डब्ल्यू, जे. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की हीच अक्षरं समोर येतात आणि लोकांना वाटतं फाइल बिघडली. बिघडलेली नसते, फॉन्ट तेवढा टाकायचा असतो. साधा कृतिदेव मॅक-लिनक्सवरही टाकता येतो. पण लग्नपत्रिका, दिवाळी अंक, निवडणुकीची पत्रकं करणाऱ्या डीटीपीवाल्याची गोष्ट वेगळी. त्याची सगळी घडी श्री-लिपी, पेजमेकर आणि जुन्या कोरलड्रॉवर बसलेली असते, आणि ती विंडोजवरून हलवण्यात शहाणपण नाही.

कार्यालयातून येणाऱ्या मंगल फॉन्टमधल्या वर्ड फाइलींचा घोटाळा आणखी वेगळा. नव्या विंडोजमध्येसुद्धा मंगल सुरुवातीला नसतो. मराठी किंवा हिंदी भाषा जोडली की देवनागरीच्या पूरक फॉन्टांबरोबर तो येतो. लिनक्सवर तो नसतोच, म्हणून लिब्रेऑफिस हे वर्डसारखं फुकट सॉफ्टवेअर दुसरा देवनागरी फॉन्ट लावतं, ओळी खाली-वर सरकतात आणि दोन पानांचा अर्ज तीन पानांवर जातो. इंग्रजीत हा त्रास कमी, कारण कॅलिब्रीच्या जागी त्याच मापाचा कार्लिटो लागतो. फक्त वाचायला द्यायची फाइल असेल तर पीडीएफ करूनच पाठवा. रोज वर्डमध्येच फाइलींची देवाणघेवाण असेल आणि रकाने-तक्ते जागच्या जागी राहायला हवे असतील तर लिब्रेऑफिसवर विसंबू नका. एमएस ऑफिस विंडोज आणि मॅकवर मिळतं, लिनक्सवर नाही.

प्रिंटरनं तर कितीतरी लोकांचा लिनक्सचा उत्साह पहिल्याच दिवशी मोडलाय. कॅननचा एलबीपी २९०० हा छोटा लेझर प्रिंटर आपल्याकडे दुकानोदुकानी दिसतो. त्याला कॅननची स्वतःची सीएपीटी भाषा लागते, साधी पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट कळत नाही. विंडोजचा ड्रायव्हर टाकला की तो निमूट चालतो, लिनक्सवर त्याला चालवणं म्हणजे दिवस घालवणं. एचपीचा लेझरजेट १०२० किंवा पी१००७ असेल तर आशा आहे. हे प्रिंटर सुरू झाल्यावर आपलं फर्मवेअर, म्हणजे आतलं मूळ सॉफ्टवेअर, कॉम्प्युटरकडून घेतात. लिनक्समध्ये एचपीलिप हे एचपीच्या प्रिंटरांचं सॉफ्टवेअर असतं, पण हे फर्मवेअर देणारं प्लगइन वेगळं उतरवावं लागतं. ते टाकलं नाही तर प्रिंटर यादीत दिसतो, काम पाठवलेलं दिसतं आणि कागद मात्र बाहेर येत नाही. नवा प्रिंटर घेणार असाल तर एअरप्रिंट लिहिलेला वाय-फायचा घ्या. असे प्रिंटर मॅक आणि लिनक्स ड्रायव्हरशिवाय ओळखतात.

मग लिनक्स कुणी घ्यावं? ज्यांच्याकडे धडधाकट पण जुनं मशीन आहे त्यांनी, अगदी बिनधास्त. विंडोज १०चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले. विंडोज ११ला टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची सोय आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. सातव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅमचा लॅपटॉप घर चालवायला आजही पुरेसा आहे, तो भंगारात घालणं मला पटत नाही. पळवाटेनं विंडोज ११ टाकून देणारे आहेत, पण त्या मशीनला पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. त्यापेक्षा जुनी हार्ड डिस्क काढून २५६ जीबीची साटा एसएसडी (जास्त वेगवान डिस्क) बसवा आणि लिनक्स मिंट टाका. मिंट २२ला एप्रिल २०२९पर्यंत अपडेट आहेत. रॅम ४ जीबीच असेल तर त्याची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या.

टाकण्याआधी तपासा. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंटची आयएसओ (इन्स्टॉल करायची) फाइल बॅलेनाएचर किंवा रूफस या प्रोग्रॅमनं चढवा. मशीन सुरू होताना डेल-लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९ दाबून पेनड्राइव्हवरून चालू करा. डिस्कवर अजून काहीच बदललेलं नसतं. आता वाय-फाय, आवाज, कॅमेरा, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, आणि तुमचा प्रिंटर, एवढं बघून घ्या. वाय-फाय दिसलं नाही तर घाबरू नका. फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा, मिंट टाकून झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजर उघडा, बहुतेक वेळा तिथंच इलाज मिळतो.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकणाऱ्यांनी तीन गोष्टी विसरू नयेत. डेटाची प्रत बाहेर काढा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटातून काढून कागदावर लिहा, नाहीतर विंडोज पुढच्या वेळी ती मागेल आणि सगळं कुलूपबंद राहील. फास्ट स्टार्टअप बंद करा, ते चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्सला त्या डिस्कवर लिहिता येत नाही. एवढं करूनही घड्याळ बरोबर साडेपाच तासांनी चुकेल. लिनक्स मदरबोर्डचं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं, विंडोज भारतीय वेळेवर, आणि फरक तेवढाच. लिनक्सला ते घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगितलं की मिटलं.

बाहेरच्या पेनड्राइव्हमधून येणारा शॉर्टकट व्हायरसही लिनक्स-मॅकवर चालत नाही. झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या पेनड्राइव्हमध्ये फोल्डरांचे शॉर्टकट झालेले दिसले तर लिनक्सवर लावा. लपवलेल्या खऱ्या फाइली तिथं दिसतात, त्या काढून घ्या आणि पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीत फॉरमॅट करा. एक्सफॅट तिन्हीवर वाचता-लिहिता येतं, विंडोजच्या एनटीएफएसवर मॅकला लिहिता येत नाही.

मॅकबुक एअर फार चांगलं यंत्र आहे, बॅटरी आणि टिकाऊपणात त्याला तोड नाही. पण रॅम आणि स्टोरेज आतच कायमचं बसवलेलं असतं, नंतर वाढत नाही. ऑक्टोबर २०२४पासून ॲपल एअर किमान १६ जीबीचं देतं, दुकानात जुना ८ जीबीचा माल पडला असेल तर सवलतीला भुलू नका. इंटेलचं जुनं मॅकबुक तर नकोच, मॅकओएस २६ ही इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती आहे. दुरुस्तीचंही आधी बघा. ॲपलच्या साइटवर जवळचं अधिकृत केंद्र शोधा. ते पुण्यात निघालं तर एका स्क्रीनसाठी अडीचशे किलोमीटर जायची तयारी हवी.

उन्हाचा हिशेबही घ्या. मॅकबुक १० ते ३५ अंशांत वापरावं असं ॲपल सांगतं, आणि सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४०च्या वर जातो. एअरला फॅन नाही, म्हणून पत्र्याच्या खोलीत लांबलचक व्हिडिओ एडिट करायला घेतला की ते स्वतःचा वेग कमी करतं. पण याचीच दुसरी बाजू अशी, की घराशेजारी माग चालत असतील तिथं सुताचे बारीक तंतू हवेत असतात. फॅनचा लॅपटॉप ते ओढून घेतो, हीटसिंकच्या जाळीवर लोकरीसारखा थर बसतो आणि वर्षभरात मशीन तापून बंद पडू लागतं. एअरमध्ये तंतू ओढायला काही नाहीच. फॅनच्या लॅपटॉपला दर सहा महिन्यांनी ब्लोअर मारून घ्या, आणि मारताना पातं काडीनं अडवून धरा. मोकळं ठेवलं तर ते भलत्या वेगानं फिरून खराब होतं.

विंडोज घ्यायचं ठरलं तर दुकानात नुसत्या ‘आय५’वर जाऊ नका. रिफर्बिश्ड, म्हणजे डागडुजी करून पुन्हा विकलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये खरी मेख इथंच असते. आय५-७२००यू म्हणजे सातवी पिढी, आय५-८२५०यू म्हणजे आठवी, आय५-१०२१०यू म्हणजे दहावी. पहिला विंडोज ११च्या यादीत नाही, पुढचे दोन आहेत. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि रॅमचे किती स्लॉट भरलेत ते दिसतं. मग रनमध्ये टीपीएम डॉट एमएससी टाकून आवृत्ती २.० दिसते का बघा. टीपीएम सापडत नाही असं आलं तर बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) इंटेलचं पीटीटी किंवा एएमडीचं एफटीपीएम नुसतं बंद ठेवलेलं असू शकतं. शेवटी सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्यात ॲक्टिव्हेशन उघडा. डिजिटल लायसन्सनं चालू असल्याचं लिहिलेलं हवं. तिथं एखाद्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेचा उल्लेख दिसला तर विंडोज क्रॅक करून घातलेलं असण्याचीच शक्यता जास्त, आणि असल्या क्रॅकबरोबर व्हायरस येतात. काउंटरवर पैसे ठेवण्याआधी हे पान स्वतःच्या डोळ्यांनी बघा.