उवा, फणी आणि दोन चित्रे

गेल्या रविवारी घोडबंदर रस्त्यावरील आमच्या घराच्या गॅलरीत मुलीला पुढ्यात बसवून मी तिच्या केसांतल्या उवा काढत होते. या कामाला औषधापेक्षा बारीक दातांची फणीच बरी, हे माझ्या आईचे मत आता मलाही पटले आहे. मुलगी दर दोन मिनिटांनी "आई, दुखतंय, सोड ना" म्हणत मान काढून घेत होती आणि मला राहून राहून पीटर द होख या डच चित्रकाराचे एक चित्र आठवत होते.

१६५८ ते १६६० च्या सुमारास रंगवलेले आणि आज ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये असलेले हे चित्र 'आईचे कर्तव्य' या नावाने ओळखले जाते. आईच्या मांडीत डोके खुपसून बसलेले मूल, त्याच्या केसांतून फिरणारी तिची बोटे, दारापलीकडच्या खोलीत आलेले ऊन आणि त्या उजेडाकडे तोंड करून पाठमोरे बसलेले कुत्रे, एवढाच त्यातला प्रसंग. त्या काळच्या डच नीतिबोधपर साहित्यात केस विंचरणे हे मन स्वच्छ करण्याचे प्रतीक मानले जाई, त्यामुळे उवांसारखा ओशाळवाणा विषयही तिथे संस्काराच्या पदवीला पोचतो. मला या चित्रातली शांतता फार आवडते. मात्र ती खरी वाटत नाही. ज्याने एकदा तरी लिखा काढल्या आहेत, त्याला विचारा.

आपल्याकडे राजा रविवर्म्याचे १८९३ मधील 'देअर कम्स पापा' पाहताना हीच गंमत दुसऱ्या तऱ्हेने जाणवते. चित्राच्या चौकटीबाहेरून येणाऱ्या बापाकडे बाळाचे लक्ष वेधणारी आई म्हणजे चित्रकाराची मुलगी महाप्रभा, बाळ तिचा मुलगा, आणि योगायोग असा की कुत्रे इथेही आहे. परंतु ज्या घराण्यात ही माणसे वाढली, तिथे वंश आईकडून चाले आणि मुलांवर अधिकार मामाचा असे. बापाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले हे सुखी त्रिकोणी कुटुंब त्या घरच्या रीतीपेक्षा नव्या काळाने रुजवलेल्या आदर्शाशीच अधिक जुळते. दोन्ही चित्रांत बाप मात्र कुठेच दिसत नाही. (आमच्याकडचे बाबा त्या वेळी आत वर्तमानपत्र वाचत होते.)

होखचे चित्र मी मुलीला मोबाइलवर दाखवले. "हिचं तोंड का नाही काढलं?" असे तिने विचारले आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता स्वतःच म्हणाली, "दुखत असेल." डोक्याची डावी बाजू अजून बाकी होती, ती संध्याकाळवर गेली.