मास्क दिला, गूळ दिला, आता आणखी काय?

रबाळे एमआयडीसीत ग्रॅनाइट कापण्याचं एक छोटं वर्कशॉप आहे. तिथले मालक अगदी कळकळीने म्हणाले, "मॅडम, मास्क देतो, रोज संध्याकाळी गूळ देतो. अजून काय करायचं?" वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंत हा प्रश्न मला कुठे ना कुठे विचारला जातोच. कारखान्यातली धूळ, वाफा, आवाज मोजायचा आणि तो कामगाराच्या अंगाला लागणार नाही असं बघायचं, हे माझं काम. त्या प्रश्नाचं उत्तर इथे लिहिते.

आधी गुळाचं. गूळ खाल्ला की छातीतली धूळ निघून जाते, असा समज आहे. गूळ जातो पोटात, दगडाची धूळ जाते फुफ्फुसात. घसा ओला होतो, बरं वाटतं, आणि तिथेच माणूस निर्धास्त होतो. डोळ्यांना दिसणारी धूळ बरीचशी नाकाघशातच अडकते. घात करते ती न दिसणारी, चार-पाच मायक्रॉनची. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. एवढी बारीक सिलिका (दगडात आणि वाळूत असणारं खनिज) फुफ्फुसाच्या अगदी टोकाला जाऊन बसते आणि तिथला भाग हळूहळू निबर होत जातो. हाच सिलिकोसिस. तो बरा करणारं औषध नाही, आणि काम सोडल्यावरही तो वाढू शकतो. त्यात क्षयाचा धोका वाढतो. उलट कित्येकदा सिलिकोसिसलाच क्षय समजून गोळ्या चालू राहतात, कारण "काम काय करता?" हे कुणी विचारलेलंच नसतं. रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने तीनशे वर्षांपूर्वीच डॉक्टरांना हा प्रश्न विचारायला सांगितलं होतं.

आता मास्क. त्या वर्कशॉपमध्ये कटरवर बसणाऱ्या दादांचा मास्क हनुवटीखाली होता. मी त्यांना बोलले नाही. मे महिन्यात, तापलेल्या पत्र्याखाली, आठ तास एन-९५ लावून जड काम करणं सोपं नाही. शिवाय त्यांना दाढी होती, म्हणजे मास्क लावला तरी कडेने हवा आत येणारच.

एक्झॉस्टही होता. सहा इंची पाइप, कटरपासून दोन हात लांब. मालकांना वाटत होतं, मोटर फिरतेय म्हणजे धूळ ओढली जातेय. कटर बंद करून मी पात्यापाशी उदबत्ती धरली. धूर सरळ वर चढला, दादांच्या तोंडावरून. उदबत्ती सरकवत पाइपपाशी नेली; अगदी वीतभर अंतर राहिलं तेव्हा कुठे धूर आत वळला. उघड्या पाइपचं असंच असतं. तोंडाच्या रुंदीइतकं लांब गेलं, की ओढ जेमतेम दहाव्या हिश्श्यावर येते. मोटर मोठी घेण्याआधी पाइप जवळ आणायचा असतो.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. धूळ होऊच द्यायची नाही. झाली तर जिथे उडते तिथेच धरायची. मास्क त्यानंतर, उरल्यासुरल्यासाठी. त्या दिवशी पात्यावर पाण्याची नळी सोडली आणि पांढरा ढग बसला, खाली राखाडी चिखल साचला. तो ओला असतानाच उचलायचा, वाळला की पुन्हा धूळ. कोरडा झाडू बंद. सुट्टी होताना हवेच्या पाइपने कपडे झटकायची सवय तर आधी बंद. ती धूळ थेट नाकात जाते, उरलेली घरी पोरांपर्यंत.

ग्रॅनाइटमध्ये साधारण चौथा-तिसरा हिस्सा सिलिका असते, कृत्रिम क्वार्ट्झच्या लाद्यांत ९० टक्क्यांच्याही वर. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडावर बंदीच घातली. आपल्याकडे घणसोलीपासून घोडबंदरपर्यंत नव्या फ्लॅटमध्ये ओटे बसताहेत आणि लादी बाल्कनीत, कोरडीच कापली जातेय. तुमच्याकडे कारागीर आले, तर चहाच्या आधी त्यांना पाण्याची बादली आणि नळी द्या.