त्या स्पंजचं बारसं कधी?

"आंबोळगडच्या किनाऱ्यावरचा तो जांभळा स्पंज नवीन प्रजाती आहे म्हणालीस ना? मग अजून नाव का नाही?" आत्या विचारते, जुने विद्यार्थी विचारतात, होडीवाले काकाही विचारतात. सहा वर्षं मी "काम चालू आहे" म्हणून वेळ मारून नेतेय. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाव एकदा ठेवून झालं होतं.

स्पंज म्हणजे खडकाला चिकटून राहणारा समुद्रातला प्राणी. अमावास्येच्या ओहोटीला कातळाच्या पोटाखाली तो सापडला. बोट लावलं तरी चुरा व्हायचा. अल्कोहोलमध्ये दुसऱ्याच दिवशी रंग उतरला, मातकट बोळा तेवढा उरला. म्हणून असा स्पंज ओळखायचा तो अंगातल्या काचेच्या सुयांवरून. तुकडा नायट्रिक ॲसिडमध्ये उकळायचा, मांसल भाग विरघळतो, सुया तळाशी बसतात. वरचं ओतून द्यायचं, पाणी घालायचं, बसू द्यायचं, पुन्हा ओतायचं.

माझ्या स्लाइडवर एकाच तऱ्हेच्या सुया होत्या, दोन्ही टोकांना अणकुचीदार. जीनस, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट, हॅलिक्लोना. सगळ्यात जवळच्या प्रजातीत सिग्मा असतात, म्हणजे बारीक वाकडे आकडे. माझ्यात ते नव्हते, म्हणून हा वेगळा. शोधनिबंध लिहिला, स्पंजला वडिलांचं नाव दिलं, त्यांना सांगितलंही.

परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला: धुताना सुया किती वेळ बसू दिल्या?

पंधरा मिनिटं. मोठ्या सुया चटकन खाली बसतात. सिग्मा दहा-बारा मायक्रॉनचे, ते कितीतरी वेळ पाण्यातच तरंगत राहतात. त्या संध्याकाळी उरलेला तुकडा उकळला आणि नळी रात्रभर स्टँडवरून हलवली नाही. सकाळी चाळीसचं भिंग लावलं तर पहिल्याच नजरेत एक सिग्मा. बाजूला दुसरा. मग मोजणं सोडून दिलं. म्हणजे आधीच्या प्रत्येक धुण्यात मी ते बेसिनमध्ये ओतून दिले होते, आणि वर लिहिलं होतं, 'आढळत नाहीत'.

शोधनिबंध मागे घेतला. वडिलांना सांगायला दोन महिने लागले. ते "बरं" म्हणाले आणि पुन्हा पेपर वाचू लागले. त्यानंतर त्यांनी कधीच विचारलं नाही.

घाई केली नव्हती, जशी शिकवली तशीच पद्धत वापरली, असं मी बरीच वर्षं म्हणत आले. घाई होती. वडील तेव्हा ८१ वर्षांचे होते.

"डीएनए करून टाक ना!" केलं. पण प्रजाती ओळखायला वापरतात तो नेहमीचा 'बारकोड' जीन स्पंजमध्ये फार सावकाश बदलतो, शेजारच्या दोन प्रजाती त्यात सारख्याच दिसू शकतात. आणि ताडायचं कशाशी? स्पंजांचे अभ्यासक आर्थर डेंडी यांच्या १९०५ च्या, श्रीलंकेतल्या स्पंजांवरच्या अहवालातल्या वर्णनांशी. नाव बांधलेलं असतं मूळ नमुन्याला, आणि तो परदेशातल्या संग्रहालयात आहे. चुकीचं नाव छापलं तर ते पुसता येत नाही, पुढच्या प्रत्येकाला निस्तरावं लागतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. निदान आज तरी नाही.

माझे सिग्मा जुन्या वर्णनापेक्षा लहान भरतात, रंगही वेगळा. एवढ्यावर वेगळी प्रजाती म्हणायची? तेव्हाची मी हो म्हणाले असते, आणि ती सरसकट चूक होती असंही मला वाटत नाही. गेल्या मार्गशीर्षात पुन्हा जाऊन तीन तुकडे आणले. दोघांत सिग्मा लहान, तिसऱ्यात मधल्या मापाचे. तिसरा तुकडा मी कालपासून पुन्हा मोजायला घेतलाय.